संदीप, मी तुला काही विचारलं नाही

संदीप,

तू गेल्यापासून घरी माणसं येतात, सतरंजीवर बसतात, शेजारच्यांनी पाठवलेला चहा घेतात आणि प्रश्न विचारतात. आधी कसं झालं ते विचारतात. ते मला सांगता येतं. दुकानात जळालेल्या मोटरची तार भरत होता, छातीत कळ आली, पाणी मागितलं, शेजारचा चहावाला पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं वाटतं. मग लोक आवाज खाली आणतात. पहिल्यापासून असंच होतं का? घराण्यात आणखी कुणाला होतं का? आईबापाचं काही चुकलं का? वेळेवर लग्न करून दिलं असतं तर?

दौंड स्टेशनच्या चौकशी खिडकीत माझं अर्धं आयुष्य गेलं. गाडी किती लेट, कुठल्या फलाटावर, जनरल डबा पुढं की मागं. त्यामुळे लोकांच्या प्रश्नांना घाबरणारा माणूस मी नाही, अशी माझी समजूत होती. आता कळतंय की या प्रश्नांना माझ्याकडे स्वतःचं एकही उत्तर नाही. जी देतो ती तुझी. तुझ्या दुकानातल्या बाकड्यावर बसून कानावर पडलेली.

एक गोष्ट तू मला सांगून ठेवली होतीस. ती मी केली नाही. तिथपर्यंत मला जायचंय, पण सरळ जाता येत नाहीये. रडूही येत नाही. काल तुझा दहावा झाला. परतल्यावर मी ड्यूटीचं टायमिंग बघितलं, उद्यापासून कामावर जायचंय म्हणून.

आईबापांनी तुला मुलगी म्हणून वाढवलं, माझी धाकटी बहीण म्हणून. तेव्हाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिशीच्या सुमारास तू शिरूरला निघून गेलास, पुण्याच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू केलीस. आवाज उतरला, दाढी आली, आधारकार्डावर संदीप झालास. आम्हाला सगळं झाल्यावर कळलं. म्हणजे तू सांगत होतास, आम्ही कळून घेत नव्हतो.

महिन्यातून एखाद्या शनिवारी मी चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला यायचो. निमित्त आईनं दिलेल्या डब्याचं. डबा ठेवायचा, बाकड्यावर बसायचं, पेपर उघडायचा. बाहेर जळालेल्या मोटरी ओळीनं मांडलेल्या, आत तांब्याच्या तारेची रिळं, आणि तू खाली मांडी घालून एकेक तार बसवत असायचास. कुणी माझ्याकडे बघून भुवई उंचावली की तू म्हणायचास, “दौंडचे पाव्हणे आहेत.” भाऊ म्हणाला नाहीस कधी. मला अवघड जाऊ नये म्हणून. ते मला तेव्हाही कळत होतं, आणि बरं वाटत होतं.

निमोण्याचे ते आबा आठवतात तुला? आठवणारच. त्यांची पाणबुडी मोटर दर उन्हाळ्यात जळायची. एका शनिवारी ते माझ्या शेजारी बसले होते. बराच वेळ टोपी काढत होते, घालत होते.

“शेठ, एक इचारू का? राग न्हाई ना यायचा?”

“इचारा की. दुपारपतोर मोटर होत न्हाई. टाईमच टाईम हाय.”

“तुमी म्हंजी… पयल्यापासून बाप्या, का मागनं झाला?”

दुकानातली बाकीची माणसं एकदम तारेच्या रिळांकडं बघायला लागली. मी पेपरचं पान उलटलं.

“आबा, तुमी कवापासून?” तू विचारलंस.

“मी? मी तर जल्मापासून.”

“कसं कळलं तुमाला?”

“आता त्यात काय कळायचंय! हाय ते हाय.”

“मग माझंबी तसंच. फकस्त माझ्या टायमाला सुईणीला कळलं न्हाई.”

आबा हसले. पण त्यांचं संपलं नव्हतं. “पर मग ह्यो आजार म्हणायचा का कसं?”

“मलाबी आदी तसंच वाटलं, म्हणून डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर म्हणला, तुमी ठणठणीत हाय. घरच्यांचं बघा.”

मोटर घेऊन आलेला एक पोरगेला माणूस होता, त्याला धीर आला. “मग ते रेल्वेत टाळ्या वाजवित्यात, त्यातलं का तुमी?”

“न्हाई रे. त्या पोरगा म्हणून जन्मल्या, मी पोरगी म्हणून. आन् त्यांच्यात गुरू असतो, चेले असत्यात, त्यांची त्यांची रीत असती. मी हित एकटाच तार गुंडाळतो. पर त्यांना नावं ठेवायची न्हाईत. बारशाला त्यांचा आशीर्वाद लागतो तुमाला. मग बसाय खुर्ची का देत न्हाई?”

तो मोटरचं झाकण चाचपायला लागला. आबा मात्र खाकरले, इकडंतिकडं बघितलं आणि पुढं वाकले. “आन् ते… आपरेशन बिपरेशन? खालचं?”

तू पक्कड खाली ठेवलीस. “आबा, तुमचं हर्नियाचं आपरेशन झालं, तवा मी बघाय आलो हुतो का न्हाई?”

“आलता की. मोसंबी घिऊन.”

“धोतर सोडून दावा म्हणलो हुतो का?”

सगळं दुकान हसलं. आबा तर ठसका लागेपर्यंत हसले, आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “चुकलं बाबा. आता मोटरचं बोल.” त्यानंतर त्यांनी तुला कधी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. विचारून झालं होतं. त्यांच्या लेखी तू संदीपशेठ होतास, भरलेली मोटर दोन उन्हाळे चालते की नाही एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्यावर ते तुझ्याशी बिनधास्त भांडायचे.

मी पेपरआड होतो. त्या दिवशी जे सगळं विचारलं गेलं ते मलाही विचारायचं होतं. गावातल्या एका म्हाताऱ्या माणसानं टोपी चाळवत चाळवत जे केलं ते मला सख्खा भाऊ असून जमलं नाही. उलट मी काही विचारत नाही हा मला माझा मोठेपणा वाटायचा. बाकीचे नातेवाईक तोंड फिरवतात, मी डबा घेऊन जातो. लोक नको ते विचारतात, मी अवाक्षर काढत नाही. घरी परतताना एसटीत बसून मी स्वतःबद्दल समाधानी असायचो. आता वाटतं, विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस, आणि उत्तर ऐकल्यावर मला काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून विचारत नव्हतो.

बोलतानासुद्धा मी वाक्यं अशी जुळवायचो, की तू कोण हे ठरवावं लागू नये. जेवण झालं का? येणं कधी? तब्येत बरी? एकदा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, “दादा, तू माझ्याशी स्टेशनवरच्या भोंग्यासारखा बोलतोस.” आणि हसलास. मीही हसलो. मग विचारलं, “बाकी सगळं ठीक?”

आमच्या केतकीला हे असलं काही करावं लागलं नाही. ती शाळेत होती तेव्हा आम्ही तिला चाचरत सांगितलं, की आत्याला आता काका म्हणायचं. ती म्हणाली, “बरं.” आणि दुसऱ्या मिनिटाला फोनवर “काका, येताना भेळ आण” म्हणून मोकळी झाली. तुला एकेरी हाक मारायची तिची सवय मात्र आत्या होतास तेव्हाचीच राहिली, ती तुलाही आवडायची. गेल्या दिवाळीत तुम्ही दोघं स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होतात. मी बाहेरच्या खोलीत. पेपर होताच.

“काका, पण संदीपच का? जरा भारी ठेवायचं ना, आर्यन बिर्यन.”

“आर्यन कुठं जळालेल्या मोटरी भरतो का? आपल्या तालुक्यात दगड मारला तर तो संदीपला लागतो. मला गर्दीत मिसळायचं होतं गं.”

“आणि तुला मुली आवडायच्या म्हणून तू मुलगा झालास का? आमच्या कॉलेजात मुलं असंच म्हणतात.”

“कोण आवडतं तो एक पेपर, आणि मी कोण तो दुसरा. तुमची पोरं दोन्हींची उत्तरं एकाच पुरवणीवर लिहितात.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला कुणीच आवडलं नसतं, तरी मी संदीपच असतो. आणि एखाद्या बाईला बाई आवडते ना, ती बाईच असते. तिला माझ्यासारखी दाढी नको असते. तिला तिचं सुखानं जगू द्या, मला माझं.”

“मग तुला आवडतं का कुणी?”

तू मान वर करून दाराकडं बघितलंस, म्हणजे माझ्याकडं. मी पेपर जरा वर धरला. “चहा टाक,” तू तिला म्हणालास.

परवा एका पाहुण्यानं विचारलं, “शिरूरला एकटाच राहायचा का?” मी म्हणालो, “माहीत नाही.” तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी लपवतोय.

त्याच दिवाळीतली भाऊबीज आपली शेवटची, आणि ते भांडण अजून तसंच पडून आहे. तू संदीप झाल्यावरही मी दर वर्षी तुला दौंडला बोलवायचो. म्हणायचो, वर्षातला एक दिवस, आईसाठी. तू शर्टपँटमध्येच यायचास, हातात तबक घ्यायचास, मला ओवाळायचास. आणि मी तबकात साडी ठेवायचो. दुसरं काय ठेवायचं ते मला सुचायचंच नाही. भाऊबीज म्हणजे साडी, एवढंच डोक्यात. तू ती काखेत मारून मुकाट शिरूरची गाडी पकडायचास. त्या दिवशी तू पाटाशी आलास आणि तबकाला हात लावला नाहीस.

“दादा, यंदापासून मी ओवाळणार नाही. दोघं शेजारी बसू, केतकी ओवाळेल.”

“अशी कुठं रीत असते का?”

“आपण सुरू केली की होईल.”

“मला बहीण एकच आहे,” मी म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो.

तू आवाज चढवला नाहीस. “तुला बहीण नव्हतीच दादा. तुला ती भाऊबीजेपुरती लागायची.”

मी पाटावरून उठलो. जेवलो नाही. तू निघताना दारात थांबून म्हणालास, “चल, पुढच्या दिवाळीला भांडू.” मला वाटलं, पुढच्या दिवाळीला बरीच मुदत आहे.

एवढं होऊनही तू दोन आठवड्यांत आईला घेऊन पुण्याला गेलास, मोतीबिंदूसाठी. माझी रजा मंजूर झाली नव्हती. खरं तर मी मागितलीच नव्हती. शेवटच्या दिवशी मी आलो तेव्हा नर्स कागद भरत होती. तिनं तुला विचारलं, “तुम्ही पेशंटचे कोण?” तू गोंधळलास, माझ्याकडं बघितलंस. आई डोळ्यावर पट्टी बांधून पडली होती. तिथूनच म्हणाली, “धाकटा हाय माझा.” नर्सनं लिहून घेतलं. तुझं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते मी बघितलं आहे. तेव्हा मला काही वाटलं की नाही, आठवत नाही. आता ते सारखं दिसतं. त्याबद्दल आईचे आभार कसे मानायचे कळत नाही, आणि तू आईला किती सांभाळलंस त्याबद्दल तुझे मानायचे राहूनच गेले.

आता ती गोष्ट.

पाटसची आत्या गेली तेव्हा माहेरची साडी घेऊन आपणच गेलो होतो. बाई गेली की माहेरची साडी अंगावर घालून तिला न्यायची, आपल्याकडं हे चुकत नाही. दुकानातून मीच निवडली, मीच तिच्या अंगावर घातली. परत येताना तू गाडी चालवत होतास, मी मागं. कारखान्याचा सीझन होता, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीच्या मागं गाडी हळू झाली तेव्हा तू मान न वळवता म्हणालास, “दादा, माझ्या वेळंला साडी नको. शर्टपँट, डोक्याला टोपी. तेवढं तू बघ.”

मी म्हणालो, “समोर बघून चालव.”

तू चालवलीस. त्यावर आपण परत कधीही बोललो नाही. आणि ही गोष्ट तू फक्त मला सांगितलीस, हे मला पक्कं माहीत होतं.

तुला शिरूरहून अँब्युलन्समधून आणलं तेव्हा अंगणात माणसं जमली होती. तयारी आप्पांनी हातात घेतली. वडिलांच्या मागं थोरले चुलते म्हणून तेच सगळं बघतात. त्यांना दोष द्यायचा नाहीये मला. ते हुंदके देत होते आणि माणसांना कामं सांगत होते. बांबू, मडकं, गोवऱ्या. मग म्हणाले, “माहेरची साडी आणाया कोण गेलं?”

कुणीतरी म्हणालं, “लगीन कुठं झाल्तं आप्पा?”

“लगीन न्हाई झालं म्हणून काय माहेर न्हाई का पोरीला? जा रं, कुणीतरी जा.”

केतकी माझ्याजवळ आली. तिनं माझा दंड धरला. “बाबा, काकाला साडी? बाबा, बोला ना.”

मी म्हणालो, “आत्ता नको. माणसं आलीत.”

तिनं हात सोडला. अजून तिनं माझ्याशी पहिल्यासारखं बोलायला सुरुवात केलेली नाही.

साडी आली. बायकांनी तुझ्या शर्टावरूनच ती गुंडाळली. दाढी दिसत होती, म्हणून पदर तोंडावर ओढून घेतला. एक जण म्हणाली, “आता कसं, बरं दिसतं.” आई तुझे पाय धरून बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. मी मडकं धरलं, पुढं चाललो, अग्नी दिला. उन्हाळ्याचे दिवस, तळपायाला चटके बसत असणार. मला काही जाणवलं नाही. परतल्यावर पायाला फोड दिसले.

दहा दिवस मी फक्त एकाच गोष्टीची वाट बघत होतो, ती म्हणजे कावळ्याची. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे असं आपण मानतो. मग सगळी माणसं आठवायला लागतात. मुलांना सांभाळू म्हणा, घर पूर्ण करू म्हणा. ज्याच्या हातून विधी होतो त्याला ते मोठ्यानं बोलावं लागतं. मी ठरवलं होतं, कावळा अडेल, आप्पा म्हणतील, बोल काहीतरी, आणि मी सगळ्यांसमोर साडीचं सांगेन. वाक्य तयार होतं. मला फक्त ते कुणीतरी बोलायला लावायला हवं होतं. माझ्या आयुष्यात प्रथमच मी देवाकडं काही मागत होतो, आणि मागत होतो ते हे, की कावळा येऊ नये.

भीमेच्या घाटावर काल दोन दहावे होते. एक आपला आणि पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाचा, एका मध्यमवयीन माणसाचा. आपल्याकडं आप्पांनी तुझा अकरावीतला फोटो मोठा करून आणला होता, दोन वेण्यांचा. आईच्या खोलीत तोच एक फ्रेममध्ये होता. माईकवरून तुझं जुनं नाव पुकारलं जात होतं. कुमारी म्हणून.

माझी हजामत झाली होती. ओल्या पंचात गुरुजींसमोर बसलो होतो तेव्हा शिरूरचा एक पिकअप येऊन थांबला. निमोण्याचे आबा उतरले, तुझ्या शेजारचा चहावाला उतरला, आणखी पाच-सहा जण. स्वच्छ कपडे घालून आले होते. ते आपल्या मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले. फोटोकडं बघितलं. माईकवरचं नाव ऐकलं. एकमेकांकडं बघितलं. आबांनी पुढच्या माणसाला काहीतरी विचारलं, त्यानं नकारार्थी मान हलवली. मग आबांनी सगळ्यांना हातानं खुणावलं, आणि ते अपराध्यासारखे पाय न वाजवता तिथून निघाले आणि पलीकडच्या शेडमध्ये जाऊन मागच्या रांगेत हात जोडून उभे राहिले. तिथल्या फोटोतल्या माणसाला दाढी होती, लांबून तेवढीच दिसत होती.

मी हे बसल्या जागेवरून बघत होतो. तुझ्या दहाव्याला तुझी माणसं आली आणि त्यांना तू सापडला नाहीस. गुरुजी म्हणाले, “पाणी सोडा.” मी सोडलं.

पत्रावळीवर पिंड ठेवले. केतकीनं शेजारी तुझ्या आवडीची मिरचीची भजी आणि कपभर चहा ठेवला. सगळे मागं सरकले. मी मनात वाक्य धरून उभा राहिलो. आणि संदीप, आम्ही मागं सरकतो न सरकतो तोच बाभळीवरून कावळा खाली आला. एकच. इकडंतिकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं. पिंडाला चोच मारली, भजं उचललं आणि गेला.

“सुटली पोर,” आप्पा म्हणाले. “बगा, कायबी मागं ठिवलं न्हाई तिनं.”

सगळ्यांनी श्वास सोडला. माणसं चपला शोधायला लागली. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला. कुणी मला काही विचारणार नव्हतं. मला काहीच बोलायची गरज उरली नव्हती. दुकानात मला पाव्हणा म्हणून सोडवायचास, स्वयंपाकघरात चहा टाक म्हणून सोडवलंस, तसंच हे, कावळ्याला लगेच पाठवून. मी तिथं उभा होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी आता घरी जाईन, जेवेन, आणि पुढं कधीही हे कुणाला सांगणार नाही.

पलीकडं आबा अजून हात जोडून उभे होते.

मी चालायला लागलो. ओला पंचा, अनवाणी. आप्पांनी मागून विचारलं, कुठं निघालास? शेडजवळ पोचल्यावर मी हाक मारली. ओरडलोच असेन, कारण दोन्हीकडची माणसं वळली. “आबा! इकडं नाही. संदीपचा दहावा तिकडं आहे.”

आबा घाईनं बाहेर आले. “तिकडं तर कुण्या ताईचा चाललाय. नावबी बाईचं, फोटोबी. आमी म्हणलं, चुकून दुसऱ्याच्याच दहाव्यात घुसलो.” मग त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. “तुमी दौंडचं पाव्हणं न्हवं का? दुकानावर पेपर वाचीत बसायचा ते?”

“पाव्हणा नाही. मी त्याचा थोरला भाऊ.”

“शेठला भाऊ हाय?” ते चहावाल्याकडं वळले. “कवा बोललं न्हाईत शेठ.”

मी त्यांना आपल्या मांडवात घेऊन आलो. निघालेली माणसं थांबली होती. आबांनी पत्रावळीसमोर वाकून हात जोडले आणि विचारलं, “शिवला का?”

“शिवला.”

“मग झालं. काय राहिलं न्हाई शेठचं.”

“राहिलं,” मी म्हणालो. आणि जे वाक्य तयार होतं ते म्हणायला गेलो तर ते आठवेना. मग जसं आलं तसं सांगितलं. की त्यानं मला सांगून ठेवलं होतं, शर्टपँट आणि टोपी. की आम्ही त्याला साडीत नेलं. तोंडावर पदर घालून नेलं.

“आता हे कशाला काढतूस?” आप्पा म्हणाले. “कावळा शिवला की.”

“म्हणूनच काढतोय आप्पा. शिवला नसता तर तुम्हीच बोलायला लावलं असतं.”

केतकी माझ्याकडं बघत होती. आबांना अजून नीट उमगलं नव्हतं, किंवा उमगलं असेल पण खरं वाटत नसावं. टोपी काढून त्यांनी हातात धरली.

“शेठला साडी?” ते म्हणाले. “कुणी नेसवली?”

बायकांनी गुंडाळली होती, आप्पांनी आणवली होती. दुकानातून आणणारा पोऱ्याही तिथंच उभा होता.

“मी,” मी म्हणालो.

आबांनी पुढं काही विचारलं नाही. विचारतील म्हणून मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो.